याकूबने मारलेली कुस्ती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. माझे वडील, आबा, शेवटचे अंथरुणावर होते, माझा हात धरून पडून असायचे, तेव्हाही नाही. तुम्हाला का सांगतो आहे, ते मलाच नीट ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — त्यामुळेच जमेल कदाचित. बघू.

सगळी गोष्ट एका वाक्याची आहे. पण ते वाक्य सांगण्याआधी याकूब कोण होता हे सांगायला हवं. आणि याकूब कोण, हे सांगायचं तर आधी त्याच्या बापाचं नाव घ्यावं लागतं. त्याच्या आयुष्याची अडचण तीच होती.

तीस सालानंतरची ती वर्षं. नाशकात कासमवस्तादांना ओळखत नव्हता असा माणूस शोधून सापडला नसता. उत्तरेकडचे मोठमोठे मल्ल त्यांनी लोळवले होते, आणि त्यांची स्वतःची पाठ मातीला लागलेली कुणी पाहिली नव्हती. फोटोवाल्यानं त्यांचा गदा घेतलेला फोटो दुकानाच्या दर्शनी भागात लावला होता. ते रस्त्यानं निघाले की दुकानदार गादीवरून उठून हात जोडायचे, आणि हा डोंगराएवढा माणूस लाजून मान खाली घालायचा. याकूब त्यांचा एकुलता एक मुलगा, माझ्याच वयाचा. पाचव्या वर्षापासून बापाच्या तालमीत मातीत लोळलेला.

आमचा मळा गंगापूरच्या रस्त्याला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बाकी भाजी. पहाटे फुलं खुडून मी ती पंचवटीत नेऊन द्यायचो आणि तिथल्याच एका तालमीत मेहनत करायचो. आबांनी एका म्हशीचं दूध विकायचं बंद केलं होतं — ते माझ्यासाठी. आईला वर्षभर नवं लुगडं मिळालं नाही, त्याचं कारणही तीच म्हैस. हे मी सबब म्हणून सांगत नाही. फक्त तसं होतं.

आमच्या तालमीत याकूबबद्दल एकच बोलणं चालायचं. बापाच्या नावावर खातो. तो जिंकला तर समोरचा वस्तादांना घाबरला. कुस्ती बरोबरीत सुटली तर पंच वस्तादांच्या ओळखीचे. हरला तर — बघा, वाघाच्या पोटी कोण आलं. त्याला जिंकायला आम्ही वाटच ठेवली नव्हती. आणि या बोलण्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. कधी त्याची एखादी कुस्ती तरी मी नीट पाहिली होती का? नव्हती.

आमचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. त्याला खुराक चांगला मिळाला. डाव शिकवायला घरातच कासमवस्ताद. आणि इतरांना ज्या मानाच्या जोडीसाठी चार-चार वर्षं थांबावं लागायचं, ती त्याला विसाव्या वर्षी मिळाली, ती नावामुळेच. हे मी आजही म्हणेन. पण समोरच्याच्या कमरेला हात घातल्यावर ते नाव कितीसं कामाला येत असेल? हा प्रश्न मी स्वतःला तेव्हा विचारला नाही. विचारायची भीती वाटत असावी.

त्या चैत्रात नदी आटली होती. पात्रातल्या वाळूवर तांबडी माती टाकून आखाडा केला होता. शेवटची जोड माझी आणि याकूबची. एका लहान संस्थानाचे कारभारी मुद्दाम आले होते. त्यांना दरबारासाठी एक तरुण पैलवान निवडायचा होता — राहणं, खुराक, सगळं संस्थानाचं. आमच्यातला जो जिंकेल त्याला ते नेणार, असं सगळीकडे बोललं जात होतं.

कुस्ती पाव तास तरी चालली. सुरुवातीला जोर माझा होता. दोनदा मी त्याला खाली घेतला, दोनदा तो निसटला. हलगी वाजत होती, आमच्या बाजूचे लोक माझं नाव घेत होते, आणि मला वाटलं — झालं, हा संपला. मी त्याच्या मानेवर हात टाकला. तेवढ्यात तो वळला, माझा तोच हात त्यानं काखेत दाबला आणि ढाक मारली. मी हवेत होतो हेसुद्धा मला खाली आल्यावर कळलं. दोन्ही खांदे मातीत. वर आभाळ.

याकूबनं मला हात देऊन उठवलं. माझ्या कानात माती गेली होती, ती त्यानं बोटानं काढली. म्हणाला, "लागलं का?" मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं घेऊन बाजारात गेलो. न जाऊन कसं चालेल? फुलं थांबत नाहीत. तिथं सरूमावशी होती — गजरे करून विकायची, मला लहानपणापासून ओळखायची. चार-पाच माणसं उभी होती, आणि ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काय रे रंगा, लय ऐकत होते तुझं. आन पाठ लागली व्हय?"

त्यात कुचेष्टा नव्हती. तिला वाईट वाटलं होतं. मी "हो मावशी, लागली" म्हणालो असतो तर तिनं "जाऊ दे, पुढल्या साली बघू" म्हणून माझ्या हातातली पाटी उतरवून घेतली असती.

मी म्हणालो, "वस्तादांचा लेक हाय तो, मावशी. आता काय बोलायचं?"

आणि थोडंसं हसलो.

हेच ते वाक्य. शब्द तपासले तर त्यात खोटं काय आहे? तो वस्तादांचा लेक होताच. पण त्या हसण्यात सगळं होतं — आणि ते हसू मी जाणूनबुजून हसलो. माणसांनी एकमेकांकडे पाहिलं ते मला दिसलं. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तेही लिहिलं पाहिजे.

संध्याकाळपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना पसरलं होतं की कासमवस्तादांनी निरोप धाडून मला कुस्ती मुद्दाम सोडायला लावली. मी हे म्हटलं नव्हतं. मी नाकारलंही नाही. आमच्या तालमीत मला कुणी काही विचारलं नाही. त्यांनी मला मध्ये बसवून फेटा बांधला. हरलेल्या पैलवानाला फेटा — आणि तो बांधून घ्यायला मी मान खाली केली. कारभारी याकूबला न घेताच परत गेले. जाताना त्यांनी म्हणे निरोप ठेवला की आम्हाला पैलवान हवा आहे, वस्तादांचं नाव नको.

आठ दिवसांनी कासमवस्ताद आमच्या मळ्यात आले. एकटे, चालत. आबांची धांदल उडाली. त्यांनी घोंगडी अंथरली, आईनं पाणी आणलं. वस्ताद पाणी प्यायले आणि मला विहिरीकडे घेऊन गेले.

"बेटा," ते म्हणाले, "एक विचारतो. माझ्या बाजूनं कुणी तुझ्याकडं आलं होतं का? माझा भाऊ, कुणी शागीर्द, कुणीपण. मी रागावणार नाही. फक्त खरं सांग."

त्या माणसानं दहा हातांवरून कुस्ती पाहिली होती. त्यांच्या डोळ्यांना खरी आणि खोटी कुस्ती कळत नव्हती का? दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर पापणी लवायच्या आत कळली असती. पण स्वतःच्या मुलाच्या बाबतीत त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेना — लोक इतकं म्हणतात, तर काहीतरी असेल. म्हणून ते माझ्याकडे आले.

मी म्हणालो, "मला नका विचारू, वस्ताद."

त्यांनी विहिरीच्या काठावर हात टेकला. मग म्हणाले, "याकूब म्हणतो, कुस्ती खरी होती."

मी शेवंतीच्या वाफ्याकडे बघत राहिलो. त्यांनी आबांना हात जोडले आणि ते निघून गेले.

बाजारात मी खोटं बोललो ते घाईत, लाज झाकायला, असं म्हणता येईल. विहिरीवरचं तसं नव्हतं. तिथं मला वेळ होता. एका बापाचा मुलावरचा विश्वास माझ्या हातात होता आणि मी तो नीट विचार करून खाली टाकला. माझा गुन्हा कोणता म्हणाल तर हा.

याकूब त्याच महिन्यात नाशिक सोडून गेला. बापलेकांत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. तो सिन्नरला गेला, एवढं कानावर आलं — विड्यांच्या एका वखारीत तंबाखूची पोती उचलायला. कुणाचा मुलगा हे तिथं त्यानं कुणाला सांगितलं नाही. गावच्या जत्रेत रेवड्यांवर कुस्त्या लागतात, पोरासोरांच्या, तिथपासून त्यानं सुरुवात केली. कासमवस्तादांच्या मुलानं. मी वर्षभरात लंगोट सोडला. गुडघा दुखतो असं सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

तीनेक वर्षांनी सिन्नरच्या जत्रेला मी फुलांची गाडी घेऊन गेलो होतो. फुलं खपली आणि पाय आपोआप कुस्त्यांच्या फडाकडे वळले. शेवटची जोड याकूबची होती. लोक "सिन्नरचा याकूब" म्हणून ओरडत होते. नाशिकचं, बापाचं कुणी नाव घेत नव्हतं. गर्दीच्या पार मागे, एका बैल सोडलेल्या गाडीशी, भर उन्हात डोक्यावरून चादर घेतलेला एक थोराड माणूस उभा होता. खांद्यांवरून मी ओळखलं. आपण दिसलो तर पोराची कुस्ती पुन्हा आपल्या नावावर जाईल, म्हणून कासमवस्ताद तोंड झाकून आले होते.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही. समोर याकूब सावध खेळत होता, घाई नव्हती. मग तो वळला — आणि मला पुढचं पाहायची गरजच नव्हती. समोरचा मल्ल हवेतून मातीत आला. फड उठला.

वस्ताद माझ्याकडे न बघता म्हणाले, "तीच ढाक. त्या दिवशीची तीच." म्हणजे मी शेजारी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मग म्हणाले, "गलती माझी होती, बेटा. पोरानं सांगितलं होतं मला. तरी मी तुझ्या मळ्यात विचारायला आलो."

एक शब्द पुरला असता. नाही. एवढाच. नाही वस्ताद, गलती माझी. दोष त्यांनी स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

तेवढ्यात पुढचा एक सिन्नरकर वळून म्हणाला, "बाबा, तुमाला काय दिसतंय का तिथून? कुठले तुमी?"

वस्तादांनी डोक्यावरची चादर काढली. म्हणाले, "याकूबचा बाप."

"याकूब पैलवानाचे वडील? मग मागं कशाला उभे? चला की पुढं." त्या माणसानं त्यांचा हात धरला आणि गर्दीतून वाट काढत नेलं. तो सगळ्यांना सांगत होता — याकूबचे वडील आलेत, सरका. कासम हे नाव त्यानं विचारलंसुद्धा नाही. ज्यांच्यासाठी अख्खा बाजार उठून उभा राहायचा, ते वस्ताद मुलाच्या नावानं पुढे चालले होते, आणि मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. याकूबनं त्यांना पाहिलं. अंगावरच्या मातीसकट तो येऊन पायाशी वाकला, आणि वस्तादांनी त्याला तसाच छातीशी धरला.

मी निघालो होतो. मागून याकूबची हाक आली. "रंगा, जेवून जा."

तिघं एकत्र जेवलो. बाजरीची भाकरी आणि कालवण. त्यानं दोनदा मला वाढलं. विहिरीवर मी काय बोललो ते त्याला माहीत असणारच. तो त्याबद्दल काही बोलला नाही. त्यानंतर वस्ताद दर जत्रेला सिन्नरला जात राहिले, उघड्या डोक्यानं, अगदी पुढे बसायला.

याकूबनं सिन्नरलाच तालीम काढली. विडी वळणाऱ्यांची मुलं तिथं घडली, त्यांतले काही मोठ्या फडांत नाव करून आले. परवा त्या मुलांनी मिळून त्याचा सत्कार केला. मलाही बोलावणं होतं. त्यानं मला ओळखलं, जवळ बसवून घेतलं. दोघांचेही केस पांढरे. कडेला कोवळी मुलं मातीत दंड काढत होती, आणि मधूनच उठून जाऊन तो एकेकाची मान सरळ करत होता.

परत येताना एसटीत नाशिकचे एक गृहस्थ शेजारी होते. म्हणाले, "तुमचं मन मोठं. त्या काळी तुम्ही त्याच्यासाठी मुद्दाम कुस्ती सोडली होती ना?" इतकी वर्षं झाली, तरी ते नाशकात जिवंत आहे. मी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी आल्यावर हे लिहायला बसलो. अनोळखी माणसांसाठी म्हणून सुरू केलं होतं, पण आता याची एक प्रत उद्या सिन्नरच्या तालमीत जाईल, दुसरी आमच्या पंचवटीच्या तालमीत. नाव मी खाली पूर्ण लिहिणार आहे.

मला पडायला कुणीही सांगितलं नव्हतं. वस्तादांचा निरोप आला नव्हता, त्यांच्या भावाचा नाही, कुणाचाच नाही. मी जिंकायला उतरलो होतो आणि अंगात होतं ते सगळं लावलं होतं. याकूबनं मला पाडलं.