बुधीबाईच्या बांधातला दगड

डोळखांबच्या फाट्यावर एसटीतून उतरलो तेव्हा समोरचे डोंगर उन्हात इतके फिकट दिसत होते, की हात लावला तर पुसले जातील असं वाटलं. मे महिना होता. खडकाची माती कशी होते, हे मी वर्षानुवर्षं शाळेत फळ्यावर शिकवत आलो, पण ती होताना कधी पाहिली नव्हती. निघताना बायको हसली होती. "माती बघायला कोणी एवढ्या लांब जातं का?"

पाड्यामागची पायवाट धरली. काळा कातळ जागोजागी कांद्यासारखे पापुद्रे सोडत होता. एक पापुद्रा उचलला, तर तळहातावरच चुरला. एका भेगेत उंबराचं मूळ शिरलं होतं. मी तिथेच बसून राहिलो. डोंगर झोपेत कूस बदलतोय आणि आपण ते बघतोय, अशी काहीशी गुंगी आली.

खालच्या ओहोळाकडून एक म्हातारी डोक्यावर पाटी (माती वाहायची टोपली) घेऊन चढत आली. तिचं नाव बुधीबाई.

"काय वाहताय, मावशी?"

"माजीच माती. पावसात खाली पळते, उन्हाळ्यात मी तिला वर आनते."

तिचं वरकस (डोंगरउताराचं) शेत म्हणजे दगडी बांधाने अडवलेली एक पट्टी. माती जेमतेम वीतभर, खाली कातळ.

"औंदा नाचनी झाली त सुनेला वीटभट्टीवर जावं लागायचं नाय," ती म्हणाली. "नातीची शाळा बी सुटनार नाय."

मी मास्तर आहे हे कळल्यावर तिने आपल्यातली अर्धी भाकर आणि सुकटीची चटणी माझ्या हातावर ठेवली. मग ती पुन्हा खाली गेली.

तेवढ्यात बांधाच्या तळाशी मला तो दगड दिसला. एका अंगाने पापुद्रे सुटलेला, दुसऱ्या अंगाने टणक. वर्गात दाखवायला याहून चांगला नमुना कुठे मिळणार? हलवला, निघाला, पिशवीत टाकला. एवढ्या दगडांत एकाने काय होतंय, असं मनाशी म्हटलं आणि वरूनच बुधीबाईला हाक मारून निरोप घेतला आणि पायवाटेने उतरलो.

फाट्यावर चहा पीत होतो, तर डोंगरावर काळं झाकोळून आलं. टपरीवाला म्हणाला, "वर वळीव जोरात पडतोय, दादा."

माझी नजर पिशवीकडे गेली. तो दगड बांधाच्या तळाचा होता. शहापूरची गाडी समोर उभी राहिली. ती सोडून मी धावत सुटलो.

बुधीबाई भर पावसात बांधाच्या खिंडारात पाठ घालून बसली होती. दोन्ही बाजूंनी लाल पाणी वाहत होतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मावशी, दगड माझ्याकडे आहे."

"म्हायती हाय. हितं दुसरं कोन आलं व्हतं?" ती म्हणाली. "आदी बसवा, मग बोला."

ती बाजूला सरकली. मी दगड घाईघाईने खिंडारात कोंबला. टणक अंग आत, कारण मातीचा भार तिकडूनच येणार, हे माझं शहाणपण. तिने माझा हात धरला.

"उलटा बसवलाव, मास्तर. पापुद्र्याचं अंग आत करा. तो माती व्हतोय ना? मग माज्या शेतात होऊ दे."

दगड फिरवला. चपखल बसला. पाणी निवळ होऊन झिरपू लागलं. पाऊस थांबल्यावर अंधार पडेपर्यंत मी ओहोळातून माती वर वाहिली. सगळी काही परत आली नाही.

घरी पिशवी रिकामी बघून बायकोने विचारलं, "हे काय, काहीच नाही आणलंत?" मी नखांतली लाल माती धुवायला मोरीकडे गेलो.

जूनमध्ये वर्ग भरला. दरवर्षी मी फळ्यावर डावीकडे खडक काढतो, उजवीकडे माती आणि मधे एक बाण. यंदा खडक काढला, माती काढली. बाणाच्या जागी मात्र बांधाला पाठ लावून बसलेली एक बाई काढली.