ऐकणाऱ्या बाई

फोनवर बाविस्कर बाईंचं नाव उमटलं म्हणून मी हसतच उचलला, आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला. ‘मी सुमनचा भाऊ बोलतोय, अमळनेरचा. ती गेली... दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या.’ बाई गेल्याचं बाईंच्याच फोनवरून ऐकायचं... दीड महिना झाला, तो नंबर पुसायला अजून हात धजत नाही.

सुरतेत डिंडोलीच्या आमच्या मराठी शाळेत त्या पाचवीला मराठी शिकवायच्या. मी नाशिकहून नोकरीला आले तेव्हा शेजारचा वर्ग मला मिळाला. बाई शिकवता शिकवता मध्येच थांबायच्या, मान किंचित कलती करून काहीतरी ऐकत राहायच्या, आणि तेवढा वेळ सगळा वर्ग गप्प व्हायचा. मला सुरुवातीला त्याची भीतीच वाटायची. मुलं बहुतेक खानदेशातून लूमवर आणि मिलमध्ये आलेल्या घरांतली; घरात अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी, पुस्तकी मराठी लिहायची म्हटलं की पेन अडायचं. त्यांना लिहितं करायला बाई दरवर्षी एक गृहपाठ द्यायच्या, संध्याकाळी घरी बसून ऐकू येतील ते दहा आवाज लिहा.

तीन वर्षांपूर्वी त्या वह्या तपासताना बाईंनी मला हाक मारली. एकाच गल्लीतल्या तीन मुलांनी लिहिलं होतं, सहा वाजता शेजारचा टीव्ही एकदम मोठा होतो. तो शेजार म्हणजे त्याच वर्गातल्या काजलचं घर. काजलची वही बाईंनी माझ्यापुढे सरकवली. पहिल्या तीन ओळींत कुकर, भाजीवाला, पलीकडचं बाळ. पुढच्या सातही ओळींत एकच शब्द होता. टीव्ही. टीव्ही. टीव्ही... अक्षर ओळीगणिक लहान होत गेलेलं, शेवटचं तर भिंग लावून वाचावं असं.

मुख्याध्यापक म्हणाले, घरातला मामला आहे, शाळेनं त्यात पडू नये. बाई एवढंच म्हणाल्या, ‘वही शाळेची आहे, सर.’ आणि मला सोबत घेऊन निघाल्या. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. गल्लीत शिरलो तेव्हा सहा वाजून गेले होते. टीव्हीचा आवाज कोपऱ्यापासूनच अंगावर येत होता, कसलासा विनोदी कार्यक्रम, माणसं खदाखदा हसत होती. आणि शेजारच्या ओट्यांवर बायका मेथी निवडत बसलेल्या, एकीनंही मान वर केली नाही.

बाईंनी कडी वाजवली. बऱ्याच वेळानं काजलच्या वडिलांनी दार उघडलं. ते पलसाण्याच्या डायिंग मिलमध्ये कामाला. हात नुकतेच धुतलेले, पण नखांत निळा रंग तसाच. फार अदबीनं म्हणाले, ‘या ना बाई, बसा.’ बायकोला चहा टाकायला सांगितलं. ती चहा घेऊन आली ती पदर गालावर ओढूनच, आणि कप ठेवताना तिचा एक हात कोपरात वळतच नव्हता. काजल पलंगाच्या कडेला टीव्हीकडे तोंड करून बसली होती. डोळे मिटलेले.

बाई म्हणाल्या, जरा टीव्ही बंद करा. त्यांनी केला. मग जी शांतता झाली ती मला आजही आठवते. बाहेर मेथी निवडणं थांबलं होतं. कुणी खोकलंसुद्धा नाही. दाराबाहेर सगळी गल्ली कान देऊन बसली होती, आणि ती रोजच अशी बसत असणार हे मला तेव्हा कळलं.

‘आता सगळ्यांना सगळं ऐकू येईल,’ बाई त्यांना म्हणाल्या. आवाज जराही न चढवता. मग काजलच्या आईकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, ‘बहीण, मी रोज येसू.’

आणि त्या रोज गेल्या. त्याच घराच्या ओट्यावर सहा वाजता गल्लीतल्या मुलांची वाचनाची शिकवणी सुरू झाली, दार उघडं ठेवून. महिला हेल्पलाइनची माणसं दोनदा येऊन गेली, शेजारच्या त्याच बायकांनी त्यांच्यापुढे जबाब दिले. काही महिन्यांनी काजलची आई मुलीला घेऊन नंदुरबारला भावाकडे गेली. शाळेचा दाखला बाई स्वतः नेऊन देऊन आल्या.

बाईंच्या दहाव्याला काजलची आई आली होती. नंदुरबारला शिवणकाम करते म्हणाली, बरं चाललंय. मग थोडं थांबून म्हणाली, अजून कुठं टीव्ही मोठा झाला की काजल उठते आणि घराचं दार उघडून ठेवते...

गेल्या आठवड्यात बाईंचं वर्गातलं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी निबंधवही निघाली, माझ्या येण्याआधीच्या कुणा मुलीची. शाळेतल्या जुन्या सेविका काशीमावशींनी नाव वाचलं आणि खालीच बसल्या. त्या पोरीची आई त्याच वर्षी जळून गेली, म्हणाल्या. स्टोव्ह भडकला असं सांगितलं होतं.

निबंध ‘माझे घर’ असा. ‘बाबा आईला रोज म्हणतात की तुला पेटवुन देइन. मि रॉकेलचा डबा लपवुन ठेवते.’ बाईंनी लाल शाईनं ‘मी’ आणि ‘देईन’ दीर्घ केले होते, दोन्ही ‘वुन’चे ‘वून’ केले होते. खाली शेरा होता, अक्षर सुंदर, शुद्धलेखनाकडे लक्ष दे.

माझ्या टेबलावर त्या दिवशी पंचेचाळीस वह्या तपासायच्या होत्या. शाळा सुटली, मजले रिकामे झाले. मी पेनाला टोपण लावलं आणि पहिली वही नुसती वाचायला घेतली.