न प्यायलेली ताडी

चिकूच्या शेडमध्ये, सगळ्या बायांसमोर, मी न प्यायलेली ताडी कबूल केली. मूर्खपणा माझ्या हातून पुष्कळ झालाय. लग्नात नवरा समजून दिराच्या मागे चालत गेले होते. पण हा मूर्खपणा त्या सगळ्यांचा बाप.

डहाणूच्या बाजूला, समुद्राकडे, चिकूची एक मोठी वाडी आहे. तिथं मी पोरवयापासून जायची. चिकू धुवायचे, पुसायचे, लहान-मोठे निवडायचे, खोक्यात भरायचे. शेवटी शेवटी तर बाकीच्या बायांवर नजर ठेवायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. मालकिणीला आम्ही भाभी म्हणायचो. ती आम्हाला 'ए' म्हणायची.

त्या सकाळी भाभीनं विचारलं, माल कुठवर आला. मी सांगायला गेले आणि जीभ हलेना. शब्द तोंडात गिचक्या भातासारखे झाले. हातातला चिकू सुटला, घरंगळत तिच्या चपलेपाशी गेला. उचलायला वाकले तर तोल गेला. भाभीनं नाकाला पदर लावला.

"ए, सकाळीच घेऊन आलीस?"

थेंब घेतला नव्हता. घरून निघताना चहा घेतला, तोही ठसक्यात अर्धा बाहेर. पण मी हसले. म्हटलं, "हो भाभी. थोडीशी."

आता विचारा, का. त्या बाईला, म्हणजे त्या वेळच्या मला, विचारा. ती स्वतःला फार हुशार समजायची. तिचा हिशेब असा, की आजारी आहे म्हटलं तर उद्यापासून काम नाही. प्यायले म्हटलं तर आजच्यापुरती शिवी. शिवी पोटात मावते. लहानपणी बापानंही हेच शिकवलेलं. शेठ म्हणाला तू कैरी चोरलीस, तर हो म्हण. चोर ठरशील, पण लवकर सुटशील. नाही म्हटलंस तर चोरही ठरशील आणि उलट बोलणारीही.

हुशार बाईचा हिशेब फुकट गेला. भाभी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे असंच असतं. यांना कितीही वर काढा, तोंड शेवटी ताडीच्या मडक्यात. तू उद्यापासून येऊ नकोस."

बाया हसल्या. मीही हसले. ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही, आणि मला आता तसंही पुष्कळ काही गिळता येत नाही. गेटवर रखवालदारानं माझी पिशवी झटकून बघितली. प्यायलेली बाई म्हणजे चोर असणारच.

मी तलासरीकडे, वेवजीच्या बाजूच्या एका पाड्यावर राहते. आम्हा वारल्यांत लग्न लावायचं काम धवलेरीचं. धवलेरी म्हणजे बाईच. ती गाते आणि लग्न पुढं सरकतं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात तेव्हा गाणं लागतं. हळद लावताना गाणं लागतं. ती गप्प बसली तर लग्न तिथंच थांबतं. आजूबाजूच्या पाड्यांतली किती घरं माझ्या गळ्यानं उभी राहिली, मोजलं नाही. चिकूची वाडी पोटासाठी होती. मी कोण, ते या गळ्यावर होतं.

आणि तो गळाच बारीक होत चालला होता. माझ्या कानांना आवाज बरोबर वाटे. लोक मात्र म्हणत, "आं? काय?" मला वाटायचं, सगळे बहिरे झाले, किंवा मुद्दाम करतात. भाकरीचा घास घशात बसून राही. पाणी प्यायलं की ठसका, नाकातून पाणी. मी सुनेवर संशय घेतला. भाकरी मुद्दाम कडक भाजते, म्हातारी लवकर जावी म्हणून. एकदा तिची भाकरी चोरून माझ्या ताटात घेतली आणि माझी तिच्या ताटात ठेवली. ठसका मलाच लागला. तरी संशय सोडला नाही. म्हटलं, ओळखलं असेल तिनं, दोन्हीही कडक केल्या असतील.

मग चिंचपाड्याच्या जानकीवर संशय. तीही धवलेरी, माझ्याच वयाची. माझ्या आवाजावर तिची नजर असणार. भगताकडे गेले. त्यानं दाणे टाकले, कोंबडं घेतलं आणि म्हणाला, "कुणीतरी जवळचं आहे." हे तर मीही सांगितलं असतं, कोंबडं न घेता.

शेवटी ताडीच सोडून बघितली. लग्नातही नाही, सणालाही नाही. ताडी गेली, पण जीभ प्यायलेलीच राहिली. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच हंगामात मला लग्नांचं बोलावणं येईना. जानकीला नेऊ लागले. एका घरी मी सरळ विचारलं. त्या घरची म्हातारी खाली बघत म्हणाली, "तू आता फार घेतेस असं ऐकलं. वाडीवर तू स्वतःच बोललीस ना." माझा 'हो' डहाणूहून तलासरीला माझ्या आधी पोचला होता.

मुलगा मला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर माझ्याशी बोललाच नाही. मुलाला विचारलं, "दारू किती घेतात?" मी सांगतेय, "नाय घेत." पण आवाज टेबलापलीकडे जाईना. माझा मुलगा, माझ्या पोटचा, म्हणाला, "घ्यायची. आता नाही म्हणते." नाही म्हणते. नाही घेत, असं नाही. डॉक्टर म्हणाला, "आधी बंद करा, मग या." इको गाडीतून परत येताना मी मुलाकडे बघितलं नाही. पण राग त्याच्यावर धरून काय करू? त्याला मीच शिकवलं होतं, मोठी माणसं म्हणतील त्याला मान हलवायची.

नातीनं, मनीषानं, ऐकलं नाही. ती नर्सिंग शिकते. ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, नाकाला वास कळतो का विचारलं. मग माझ्याकडे बघून, नातीकडे नाही, म्हणाला, "आजी, हा कंपवात आहे. पार्किन्सन म्हणतात. आवाज, गिळणं, तोल, सगळं त्यातलंच. बरा होत नाही. गोळ्यांनी आवरता येतो."

हात फारसा कापत नव्हता, म्हणून मी त्याला म्हटलं, "कंप कुठाय?" तो म्हणाला, "घशात."

मग आवाज आणि गिळणं शिकवणारी एक मॅडम. मनीषापेक्षा थोडी मोठी. हिच्यावर मला सगळ्यात जास्त संशय. आमच्याकडे बाहेरची माणसं येतात ती काहीतरी घेऊनच जातात. भिंतीवरची चित्रं नेली, गाणी फोनमध्ये भरून नेली. ही म्हणाली, "आजी, गाऊन दाखवा ना." मी तोंड मिटलं. म्हटलं, "तुम्हाला काय मिळतं यातून?"

"पगार," ती म्हणाली.

उत्तर बरं वाटलं. लबाड माणूस सेवा म्हणाला असता.

तिनं मला गिळायला शिकवलं. ही शिकायची गोष्ट आहे हेच मला माहीत नव्हतं. ताठ बसायचं. घोट लहान. हनुवटी छातीकडे घ्यायची, मग गिळायचं. तोंड रिकामं झालं तरी परत एकदा गिळायचं. घास तोंडात असताना बोलायचं नाही. पाणी, चहा असलं पातळ माझ्या घशाला कळेपर्यंत श्वासाच्या वाटेनं पळतं. दाट चालतं. नाचणीची आंबील चालते. सुनेनं त्या दिवसापासून आंबील दाट करायला घेतली. मी तिच्यावर घेतलेला संशय तिला सांगितलेला नाही. सगळंच सांगायचं नसतं.

आणि आवाज. मॅडम म्हणाली, "जोरात 'आ' म्हणा. अजून जोरात. तुम्हाला ओरडल्यासारखं वाटेल ना, तेव्हा आम्हाला साधं बोलल्यासारखं ऐकू येईल."

मी आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकतंय का. ती म्हणाली, "काय झालं?"

काय सांगू तिला. जन्मल्यापासून मला हळू बोल म्हणूनच सांगितलं गेलं. शेठ बसलेत, हळू बोल. साहेब आलेत, हळू. भाभी झोपलीय, हळू. ओरडा म्हणणारी ही पहिली. मी ओरडले. दवाखान्यातली कबुतरं उडाली. घरी येऊन रोज ओरडायला लागले. शेजारचे म्हणाले, म्हातारीला चढली.

मनीषाचं लग्न ठरलं. माझ्या मुलानं धवलेरी म्हणून जानकीला सांगितलं. मला न विचारता. म्हणाला, "आई, तू बस तिच्या बाजूला. साथ दे." स्वतःच्या नातीच्या लग्नात साथ. मी म्हटलं, बरं. जुनी सवय.

भाभीला आमंत्रण होतं. मुलगा त्यांचा टेम्पो चालवायचा. पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी शेवटी गोड समजूत करून घ्यायला नको. लग्नानंतर त्यांनी त्याला टेम्पोवरून उतरवलं. आता तो गुजरातेत कंपनीत जातो, पगार कमी आहे, आणि माझ्याशी मोजकं बोलतो.

भाभी आली. तिला खुर्ची दिली, थंड्याची बाटली दिली. आम्ही सगळे खाली. चौक लिहून होत आला होता. जानकी गात होती, मी मागून सूर धरत होते. मग ताडीची वाटी फिरली. आमच्यात पहिले थेंब जमिनीला देतात, मग धवलेरीला. जानकीनं घेतली आणि वाटी माझ्याकडे केली. मी फक्त बोट बुडवून ओठाला लावणार होते, तेवढंच माझ्या घशाला झेपतं.

भाभी खुर्चीतून म्हणाली, "तिला नका हां देऊ. तिचं घरीच झालं असेल."

माणसं हसली. तीच हसणी. माझंही तोंड हसायला निघालं होतं, खरं सांगते. ओठ अर्धे उघडले होते. मग मी ताठ बसले, मॅडमनं शिकवल्यासारखी. पोटात श्वास घेतला. आणि ओरडले.

"भाभी, मी त्या दिवशी प्यायले नव्हते."

ढोल वाजवणारा थांबला. मला तर मी आभाळ फाडतेय असं वाटत होतं. मनीषा नंतर म्हणाली, नीट बोललीस, सगळ्यांना कळलं.

"मला आजार आहे. जीभ त्यानं जड होते. तुमच्यासमोर मी खोटं बोलले, कारण तुमच्याकडे आमचं खोटं चालतं, आजार चालत नाही. तुम्ही मला सगळ्यांसमोर दारुडी म्हणालात. आता सगळ्यांसमोर परत घ्या."

भाभी म्हणाली, "अरे, मी तर मस्करी केली."

"मी नाही केली."

मुलगा माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबत होता. मी तो हात काढला. भाभीनं काही परत घेतलं नाही. पर्स उचलली, उठली, गाडीकडे गेली. मुलगा तिच्या मागे धावला. कुणी तिला थांब म्हटलं नाही, कुणी मला शाबासही म्हटलं नाही. माणसं जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, झालं, आता म्हणतील म्हातारीनं घेऊन पोरीच्या लग्नात तमाशा केला. अजूनही काही जण तेच म्हणत असतील. म्हणून हे लिहून ठेवतेय. चौथी पास आहे, लिहिता येतं. फक्त या आजारात अक्षर लहान लहान होत जातं, ओळीच्या शेवटी नुसत्या मुंग्या उरतात. मी पुढच्या ओळीला परत मोठं सुरू करते.

उठून घरात जावं म्हणून मी हात टेकला. बाजूला जानकी बसलेली. तिनं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. जिच्यावर मी कोंबडं खर्च केलं होतं, ती जानकी. माझ्याकडे न बघता, समोरच्या माणसांकडे बघत म्हणाली:

"तू पितेस असं मीपण सांगत होते गावभर, खोटं कशाला बोलू. आता पुढचा गाणा तू धर. आवाज बारीक तर बारीक, ज्याला ऐकायचंय तो जवळ सरकंल. आणि तुझा गाणा पुरा होईस्तवर या पोरीला हळद लागायची नाय, मग दिवस बुडाला तरी बुडू दे."