गणू चंद्रावरून परत कसा आला

चंद्रावरच्या चित्राचा दुसरा भाग बोलपट आहे, ही बातमी मालकांनी मला दिली तेव्हा मी भोरच्या तंबूत मशीनला तेल घालत होतो. बाहेर बाजारात इब्राहिमभाई पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून त्याच दुसऱ्या भागाची जाहिरात करत फिरत होते. तंबू नीरेच्या काठाला होता, तरी त्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मालक थोडा वेळ तो आवाज ऐकत उभे राहिले.

"याला कोण सांगणार?" ते म्हणाले.

मी म्हटलं, मालक तुम्ही. त्यांना ते आवडलं नाही. पण मलाही ते काम नको होतं.

आमचा सिनेमा फिरता होता. एक तंबू, एक मशीन, वीज करणारं एक इंजिन आणि हे सगळं वाहून नेणारी एक जुनाट लॉरी. मी ऑपरेटर, म्हणजे मशीन चालवणारा. चित्रं सगळी मुकी. पडद्यावरची माणसं ओठ हलवायची आणि मग अक्षरांची पाटी यायची. तिला आम्ही टायटल म्हणायचो. टायटल कधी इंग्रजीत, कधी गुजरातीत. आमच्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांना मराठीही वाचता येत नव्हतं. म्हणून पडद्याशेजारी छडी घेऊन एक माणूस उभा राही आणि चाललेली गोष्ट मोठ्यानं सांगत जाई. आमच्याकडे ते काम इब्राहिमभाईंचं. माणूस भोरचाच, घरी गाद्या भरायचा धंदा. आवाज असा की तंबूच्या शेवटच्या खांबाला टेकलेल्या माणसालाही कान द्यावा लागू नये.

मशीन हातानं फिरवायचं असे. त्यामुळे वेग माझ्या हातात होता. इब्राहिमभाई रंगात आले आणि सांगणं लांबलं की ते मागे वळून माझ्याकडे बघायचे. मी हात हळू करायचो. पडद्यावरचा घोडा मग जरा सावकाश धावे, पण कुणाची तक्रार नसायची. आम्हा दोघांची जोडी अशी बरीच वर्षं चालली.

चंद्रावर जाणाऱ्या विमानाचं ते चित्र आमच्याकडे आलं ते मुकंच होतं. एक दाढीवाला प्रोफेसर, त्याची मुलगी आणि एक मेकॅनिक. विमानात खुर्च्या दोनच. मेकॅनिक बिचारा इंजिनापाशी उकिडवा बसून चंद्रावर जातो. टायटलमध्ये त्याला नावसुद्धा नव्हतं.

त्याला नाव मिळालं ते वेल्ह्याजवळच्या मार्गासनीत. भात कापून झालेल्या खाचरात आम्ही तंबू ठोकला होता. खेळ सुरू झाला आणि लोकांना काही रस वाटेना. प्रोफेसर फळ्यावर आकडे लिहितोय, मुलगी रुमाल हलवतेय, लोक तंबाखू मळतायत. इब्राहिमभाईंनी छडी उचलली आणि सरळ मेकॅनिकवर ठेवली. म्हणाले, हा गडी ओळखला का, हा आपल्या वेल्ह्याचा गणू. लोक सावरून बसले. पुढे विमान उडालं तेव्हा प्रोफेसरचं काय होतंय याची कुणाला फिकीर नव्हती. गणू सांभाळून बसलाय ना, एवढंच सगळे बघत होते.

असं गावचं नाव लावायची सांगणाऱ्यांची रीतच होती. सासवडला तोच मेकॅनिक सासवडचा झाला असता. पण आमचं ते चित्र मार्गासनीहून थेट भोरला आलं, आणि भोरच्या बाजारात मार्गासनीची माणसं असायचीच, त्यामुळे गणू वेल्ह्याचाच राहिला.

पहिल्या भागाचा शेवट असा. विमान चंद्रावर आपटतं. इंजिन बंद पडतं. मुलगी रडते, प्रोफेसर डोक्याला हात लावतो आणि गणू एका दगडावर बसून विडी पेटवतो. समोर आकाशात पृथ्वी लोंबकळत असते. तो तिच्याकडे बघत धूर सोडतो आणि टायटल येतं, की पुढची हकिगत दुसऱ्या भागात.

त्या विडीनं भोरात जे भांडण लावलं ते दुसरा भाग येईपर्यंत मिटलं नाही. हायस्कुलात शास्त्र शिकवणारे जोशी मास्तर पहिल्या खेळालाच म्हणाले, चंद्रावर हवा नाही, हवा नाही तर विडी पेटणार नाही, सबब हे चित्र थापा आहे. इब्राहिमभाईंनी त्यांना दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात गाठलं. त्यांचं म्हणणं, विमानात भरलेली हवा आपटल्यामुळे फुटून बाहेर आली, गणू त्या हवेत बसलाय. मास्तर म्हणाले, ती हवा टिकेल किती वेळ? इब्राहिमभाई म्हणाले, एक विडी होईपर्यंत. मास्तर हसले, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र बघायला आले. विमान नक्की कुठं फुटलंय ते त्यांना बघायचं होतं.

मार्गासनीचे धोंडिबा तांदूळ घेऊन भोरला येत. त्यांची अडचण वेगळीच होती. विमान पोचलं ती पुनव होती, हे पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. मग पुढं अमावास्या येणार. तेव्हा चंद्रच नसतो, तर माणसं उभी कशावर राहणार? मास्तरांनी त्यांना चहाच्या बशीवर दिवा धरून समजावलं, की चंद्र असतो, फक्त उजेड नसतो. धोंडिबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आसल मास्तर. पर त्या अंधारात गणूला इंजन कसं गावायचं?" मास्तरांनी दिवा खाली ठेवला आणि आणखी एक चहा मागवला.

भांडण पसरत गेलं. वर चढताना जोर लागतो, खाली यायला कशाला लागेल, असं काहींचं म्हणणं. मास्तर म्हणत, चंद्रही स्वतःकडे ओढतो. आणि सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे इंजिन मोडलंय, खुर्च्या दोन आहेत, हवा संपत आलीय. अशात प्रोफेसर गणूला मागं ठेवून निघाला तर? लोकांना हीच भीती होती. तिच्यापायी माणसं रस्त्यात इब्राहिमभाईंना अडवून विचारायची. ते एकच उत्तर देत. गणू परत येणार, कसा ते तंबूत सांगीन.

ही नुसती थाप नव्हती. ते मास्तरांकडे जाऊन बसत होते. चंद्र किती लांब आहे, तिथं उडी मारली तर माणूस किती उंच जातो, असलं काहीबाही विचारत होते. घरी गाद्या भरताना मनाशी पुटपुटत, असं त्यांची बायको सांगे. पडद्यावर दुसऱ्या भागात जे काही निघेल, त्याच्याशी जुळवून घेता येईल असं सगळं त्यांनी डोक्यात बांधून ठेवलं होतं. मी दोनदा विचारलं, तर मलाही सांगितलं नाही.

आणि आता दुसरा भाग बोलायला लागला होता.

मालकांनी अखेर त्यांना सांगितलं ते माझ्यासमोरच. पुण्याहून बोलकं मशीन भाड्यानं येतंय, पडद्यामागं मोठा कर्णा लावायचा आहे, माणसं आता आपापलंच बोलणार आहेत. इब्राहिमभाई बराच वेळ भोंग्याचा पत्रा पुसत राहिले.

"कंच्या भाषंत बोलत्यात?" त्यांनी विचारलं.

"हिंदुस्थानी."

"मंग हितल्या मान्सांस्नी काय कळनार? समजावून सांगाया कुनी तरी लागलंच की."

मालक अडखळले. तेही वाईट नव्हते. त्यांनी शेवटी ठरवलं की भोरचा पहिला खेळ इब्राहिमभाईंनी उभं राहून सांगावा. लोकांना हवं वाटलं तर काम पुढं चालू. नाही वाटलं तर मग बघू. 'मग बघू'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळत होता. पोट गाद्यांवरही भरलं असतं म्हणा, पण त्या छडीवाचून या माणसाचं काय होईल याची मला धास्ती वाटली.

मुकं चित्र आलं की आम्ही दुपारी तंबू बंद करून एकदा आपसात चालवून बघायचो, म्हणजे इब्राहिमभाईंना गोष्ट कळायची. त्या दिवशी रिळांच्या पेट्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या टपावरून उशिरा उतरल्या आणि उरलेला सगळा वेळ कर्णा बसवण्यात गेला. बोलपटाच्या रिळाला एका कडेनं आवाजाची बारीक पट्टी असते. तिच्यातून दिव्याचा उजेड जातो आणि त्याचा आवाज होतो. ते कसं होतं हे पुण्याहून आलेल्या माणसानं मला दोनदा सांगितलं, पण महत्त्वाचं एकच लक्षात राहिलं. हे मशीन विजेच्या मोटारीवर चालतं आणि त्याचा वेग बदलायचा नाही. हळू केलं तर नायिका रेड्यासारखी बोलेल.

हे मी इब्राहिमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, बघू. त्यांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता.

तंबू गच्च भरला. धोंडिबा पुढच्या ओळीत, मार्गासनीची माणसं त्यांच्याभोवती. जोशी मास्तर खुर्चीवर, हातात कागद-पेन्सिल. चुका टिपून घ्यायचा त्यांचा बेत होता. मी मोटार सुरू केली. कर्णा खरखरला, मग त्यातून एक कुत्रा भुंकला आणि सगळ्या तंबूनं माना वळवल्या. कुत्रा बाहेरचा नव्हता, पडद्यावरचा होता. हे कळल्यावर जी शांतता झाली तशी मी तंबूत कधी अनुभवली नव्हती.

पडद्यावर चंद्र नव्हताच. एक बंगला होता. व्हरांड्यात प्रोफेसर पेपर वाचत बसलेला. पाहुणा येतो, नमस्कार करतो, आणि प्रोफेसर त्याला सांगतो की चंद्रावरून आल्यापासून तब्येत जरा नरम आहे. बस, एवढंच. एका वाक्यात बापलेक परत आले होते. मोडलेलं इंजिन, संपत आलेली हवा, अमावास्या, कशाचं काही नाही. गणूचं नाव नाही. पाहुणा खुर्चीत बसतो आणि आतून मुलीच्या पेटीचे सूर येतात.

इब्राहिमभाई उभेच होते. त्यांना हिंदुस्थानी चांगलं समजे, म्हणजे काय घडलंय ते तंबूत सर्वांत आधी त्यांना कळलं असणार. चित्रानं जागा मोकळी सोडली होती आणि ती भरायला त्यांच्याकडे कितीतरी महिन्यांची तयारी होती. ते एक पाऊल पुढं आले, छडी वर केली.

"मंडळी, हे परत कसं आलं ते म्या सांगतो. गणू त्या दगडावरनं उठला..."

तेवढ्यात मुलगी गायला लागली. त्यांनी सवयीनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. मशीन आपल्या चालीनं चाललं होतं. माझे दोन्ही हात रिकामे होते. ते पुन्हा पडद्याकडे वळले, आवाज चढवला. कर्ण्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा होता.

धोंडिबा पुढं वाकले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "इब्राहिमभाई, जरा बसा की. गानं ऐकू द्या."

कुणी शिवी दिली असती तर इब्राहिमभाईंनी ती परतवली असती. त्यांच्या जिभेला धार होती. पण इथं शिवी नव्हती. मागूनही दोन-चार जण म्हणाले, बसा, बसा. ते बसले. जागा नव्हती, तर धोंडिबांनीच सरकून करून दिली. छडी त्यांनी मांडीखाली ठेवली. मला मशीनमागून त्यांची टोपी तेवढी दिसत होती, आणि मला त्या क्षणी ते नवं मशीन नीरेत ढकलून द्यावंसं वाटलं.

पुढं चित्रात एक चोर विमान पळवतो, पोलीस त्याला पकडतात आणि मुलीचं लग्न पाहुण्याशी लागतं. गाणी भरपूर होती. लोक खूश झाले.

खेळ सुटल्यावर तंबूच्या तोंडाशी जोशी मास्तर तावातावानं बोलत होते. कागदावर त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. "अहो, निदान चूक तरी सांगायची," ते म्हणाले, "हे म्हणजे काहीच न सांगणं झालं." धोंडिबांना तेव्हा आठवण झाली. ते इब्राहिमभाईंजवळ गेले.

"मंग गणूचं काय झालं वो?"

"म्या बी तुमच्यावानीच ऐकत हुतो," इब्राहिमभाई म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मालकांना काही बोलावंच लागलं नाही. दुसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंनी छडी आणि भोंगा माझ्याकडे आणून दिले. मी म्हटलं, छडी तरी ठेवा. नाही म्हणाले. मला त्यांना थांबवता आलं नसतं.

काही वर्षांनी मी लॉरी घेऊन साताऱ्याकडे चाललो होतो. सारोळ्याच्या पुलाअलीकडे सर्व्हिस मोटारी थांबत. तिथं इब्राहिमभाई दिसले. मोटारींसाठी उतारू गोळा करायचं काम धरलं होतं. शिरवळ, खंडाळा, वाई, अशी गावांची नावं त्याच आवाजात चालली होती. आम्ही चहा प्यायलो. घरचं, मुलांचं बोलणं झालं. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, आता तरी सांगा, गणू दगडावरून उठला, पुढं काय?

ते कपातला उरलेला चहा गोल फिरवत राहिले.

"पिक्चरात न्हाई ते, दत्तोबा," ते म्हणाले. "मंग ते झालंच न्हाई."

मोटार आली आणि ते उठून गेले. मी पुष्कळ वेळा मनाशी जुळवून बघितलं आहे. दोन खुर्च्या, मोडकं इंजिन, एका विडीपुरती हवा. मला काही जमत नाही.

नंतर मी कायमच्या थिएटरांत नोकऱ्या केल्या आणि बरेच दुसरे भाग चालवले. आमच्या धंद्यात दुसरा भाग आला की पेट्यांवरचे नंबर तपासायचे, रिळांचे जोड तपासायचे, कडा फाटल्यात का ते बघायचं, असा नियम आहे. पहिल्या भागानंतर लोक नक्की कोणाची वाट बघत बसलेत, हे तपासायचा नियम नाही.