वाइन्सवाला जावई

हैदराबादेत वाइनला एकवचन नाही. इथं असतं ते ‘वाइन्स’, म्हणजे दारूचं दुकान. पाटीवर ठळक अक्षरांत वाइन्स, आत व्हिस्की, रम, बिअर सगळं. खरी वाइन असलीच तर खालच्या फळीवर धूळ खात पडलेली. अमका वाइन्सपाशी दिसला, एवढं कुणी म्हटलं की आमच्या तारनाक्यात त्या माणसाची अब्रू गेली.

म्हणून आमच्या मुलीनं जेव्हा सांगितलं, की तिला आवडलेला मुलगा वाइनमध्ये आहे, तेव्हा ह्यांच्या हातातला पेपर खाली पडला.

“वाइन्समध्ये?”

“वाइन्स नाही पप्पा, वाइन. कंपनी आहे, द्राक्षांच्या बागा आहेत. चव कशी घ्यायची ते तो लोकांना शिकवतो.”

“प्यायला शिकवतो? नक्को! पिढ्यान् पिढ्या सरकारी नोकरीतलं घर आपलं. उद्या कुणी पुसलं जावई काय करतात, तर काय बोलू मी? वाइन्सवाला?”

मुलगी त्यानंतर कामापुरतंच बोलू लागली. कुकटपल्लीच्या ऑफिसातून यायची, जेवायची, खोलीचं दार लावून घ्यायची. मला त्या बंद दाराची धास्ती वाटायची. शेवटी मीच म्हटलं, एकदा बघा तरी, मग नाही म्हणा. हे म्हणाले, “ठीक. एकदाच. त्याच्यानंतर हा विषय बंद.”

ती वाइनची संस्कृती की काय, ती मी आधीच पाहून आले होते. मुलगी मला तिकीट काढून ऑफिसच्या वाइन चाखायच्या कार्यक्रमाला घेऊन गेली होती. दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान मोडलेली माणसं हातातले ग्लास गरागरा फिरवत होती, त्यात नाक खुपसत होती आणि डोळे मिटून सांगत होती: चामडं, ओली माती, जुनं लाकूड. अरे, मग आबिड्सला चपलांच्या दुकानात जाऊन उभे राहा की, फुकट मिळेल! मी घोट घेतला. आंबट, तुरट, शिळ्या चिंचेच्या सारासारखं. पण सार ओरपताना कुणी भाषण देत नाही. शेजारची बाई समजूत घालत म्हणाली, “हळूहळू आवडायला लागते.” हळूहळू सासूही आवडायला लागते, पण त्याचं कुणी तिकीट लावत नाही.

तर रविवारी संध्याकाळी मुलगा आला. हे नेहमीप्रमाणे फेरफटका मारून, तोंडात वेलची टाकून सोफ्यावर बसले होते. तो नमस्कार करून शेजारी बसतो न बसतो तोच ह्यांनी जाहीर केलं, “आमच्या घराला दारूचा वारासुद्धा लागलेला नाही.”

“हो, काका.”

“तुमचं नाक म्हणे फार तेज आहे?”

“कामच तसं आहे.”

“मग सांगा बघू, ह्या खोलीत कशाकशाचा वास येतो?”

माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या, त्या तशाच राहिल्या. ह्यांचा फेरफटका कुठल्या वाइन्सपर्यंत जातो आणि तिथून परतताना वेलची कशासाठी लागते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे एवढं फक्त ह्यांना ठाऊक नव्हतं. मुलीनं मान खाली घातली. बिचारीचं लग्न त्या एका श्वासावर अडकलं होतं.

मुलानं डोळे मिटले. “उदबत्ती. आतून कढीपत्त्याची फोडणी.” मग तो किंचित ह्यांच्याकडे झुकला आणि थांबला. ह्यांचा चेहरा उतरला. आपण काय विचारून बसलो, ते तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

“आणि वेलची,” तो म्हणाला. “फार छान वेलची आहे, काका.”

ह्यांनी तोंडातली वेलची घाईघाईनं गिळली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अगं, उभी काय राहिलीस? पोहे दे ना त्यांना.” निघताना त्याला दारापर्यंत पोचवायला गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, “लोकांना सांगू, द्राक्षांच्या बागा बघतात म्हणून.”

मुलगी स्वयंपाकघरात येऊन माझ्या गळ्यातच पडली. “आई, वाचलो गं! त्याला कळलंच नाही.”

“चांगलं कळलं,” मी म्हटलं. “लग्न झाल्यापासून मीही वेलचीच सांगत आलेय.”