दादाची गाडी आणि सासूबाईंचं वजन

दादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी कढीला फोडणी देत होते. शेजारच्या डॉक्टरांकडे अमरावतीहून ट्रंक कॉल आला होता. त्यांच्या पत्नी निरोप घेऊन आल्या, तर मी त्यांना म्हटलं, "थांबा, कढी उतू जाईल." माणूस असलं काहीतरी बोलून जातो खरं... दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, अमरावतीत वकिली करायचा. त्याला जाऊन महिना उलटला. भेटायला येणारे त्याच्या कोर्टातल्या भाषणांबद्दल बोलतात. बोलोत बापडे. मला तो आठवतो तो अकोल्यात, आमच्या अंगणात, गाडीखाली उताणा पडलेला, नुसते पाय बाहेर. आणि आठवला की आधी हसूच येतं.

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि पहिलंच बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तर रिवाजच. दादा मला न्यायला आला तो त्याची लाडकी, कुणा साहेबानं वापरून टाकलेली मोटार घेऊन. गाडी दिसण्याआधी आम्हाला ऐकूच आली. सासूबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि सांगून टाकलं, "वकीलसाहेब, ह्या खटाऱ्यात मी माही सून बसवणार नाई." रेल्वेचं नावही काढायचं नव्हतं, बडनेऱ्याला गाडी बदलायची, पूल चढायचा, म्हणजे तर झालंच. मला अमरावतीला आईकडे जायचं होतं हो. रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं. पण सासूबाईंपुढे बोलायची टाप कुणाची? मी आत जाऊन डोळे पुसले, आणि दादा मात्र कोट काढून खुंटीला अडकवत म्हणाला, "मावशी, खडखड गेली तर पाठवाल न?" त्या म्हणाल्या, जाऊ तर द्या आधी.

खडखड कशाची ते त्याला ठाऊक होतं. मागच्या चाकांवर गाडीचा भार तोलणारे लोखंडी पाटे असतात, त्यांच्या टोकांत रबराचे बुश बसवलेले असतात. ते झिजले की खड्ड्या-खड्ड्याला लोखंडावर लोखंड आदळतं. नवे बुश तो डिकीत घेऊन कधीपासून फिरत होता. मुहूर्त लागत नव्हता इतकंच. आता लागला. गाडी लाकडी ओंडक्यांवर चढली. गंजलेले बोल्ट निघेनात, तेव्हा आमच्या ह्यांनी आणि त्यानं मिळून असा जोर लावला की दोघंही मागच्या मागे पडले. जुने बुश तर खवट खोबऱ्यासारखे तुकड्या-तुकड्यांनी निघाले. नवे आत सहज सरकावेत म्हणून ह्या शहाण्यानं ते रात्रभर जवसाच्या तेलात भिजत घातले. आमच्याकडे बैलगाडीच्या आसापासून डोक्यापर्यंत सगळ्याला जवसाचंच तेल, त्याचं तरी काय चुकलं? सकाळी पाहतो तर बुश भज्यांसारखे फुगलेले, बोट दाबलं की रुततंय. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तेलाचा डबा आत नेऊन ठेवला. ह्यांनी एसटीनं अमरावतीला जाऊन दुसरे बुश आणले. ते साबणाच्या पाण्यानं बसले.

बोल्ट आवळून झाले, गाडी खाली उतरली, आणि दादा ऐटीत एक फेरी मारून आला. खडखड गेली होती, पण गाडी अशी ताठ झाली होती की खड्डा आला की हिसका सरळ कंबरेत. सासूबाई म्हणाल्या, झालं मग, मोकळे झालो, आता जाणं नाई. दादा पुन्हा गाडीखाली शिरला, एकेक बोल्ट चाचपून पाहिला, आणि खालूनच हसायला लागला. गाडी अधांतरी असताना बोल्ट आवळले, तिथंच गफलत झाली होती. चाकं टेकून भार आला की रबर पिळवटून निघत होतं. आता बोल्ट सैल करायचे, गाडी जमिनीवरच ठेवायची, वजनाला माणसं आत बसवायची आणि मग आवळायचे. माणसं म्हणजे कोण? मला तर आत पायही ठेवू देत नव्हते. हे पुढे बसले. मागं, मी जिथं बसणार होते तिथं, सासूबाईंना बसवलं.

त्या पदर सावरून मांडीवर हात ठेवून बसल्या. खालून दादा म्हणाला, हलू नका. आणि त्या हलल्या नाहीत, पण बोलायला लागल्या; मी गाडीच्या दाराशी उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "माहं पहिलं लेकरू दमणीत गेलं, पोटातच. बडनेऱ्याले रेल्वेतून उतरून भातकुलीले माहेरी चालली होती मी. बैल पळवले, अन् वाट सारी दगडांची." दमणी म्हणजे बसायची बैलगाडी. एवढ्या वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला. मग दादा हळूच म्हणाला, "मावशी, तुमी सांगाल तिथून मी गाडी परत फिरवतो."

त्यानं त्यांना मूर्तिजापूरच्या रस्त्यानं लांबवर फिरवून आणलं. परत आल्यावर त्या उतरेचनात. मला वाटलं, गेलं सगळं. तर आतूनच म्हणाल्या, "तुह्यं बोचकं आण. अन् माही दोन लुगडी घे. मी बी येतो." सुनेच्या बाळंतपणाला सासू विहिणीच्या घरी! वर्षभर दोन्ही गावांना चघळायला विषय मिळाला. माझ्या आईशी त्या डिंकाच्या लाडवांत मेथी किती घालायची यावरून रोज भांडल्या, नातवाला न्हाऊमाखू घातलं, आणि निघताना माझी आई रडली त्याहून जास्त त्याच रडल्या.

परवा अमरावतीला गेले होते. गाडी दादाच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये उभी आहे. कुणाला न सांगता मी मागचं दार उघडून आत जाऊन बसले. वहिनी शोधत आली. "वन्सं, इथं काहून बसल्या?"

"वजन द्यायले," मी म्हटलं.

ती दुसऱ्या बाजूचं दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसली.