गुरुवारची लाईट

संदेशने ते फाईलमध्ये लिहिलं असेल का, हा घोर सकाळपासून सारिकाच्या जिवाला लागला होता.

तिचा हा मुलगा कुसगावच्या एका हॉटेलात बुकिंगचा सर्व्हर सांभाळायचा. भुशी धरणावर पर्यटकांची गर्दी वाढली आणि बुकिंगचा डेटाबेस अडकू लागला, म्हणून काल त्याने डेटाबेसला वापरता येणाऱ्या शेअर्ड मेमरीची मर्यादा वाढवली.

"मशीन बंद न करता केलं, आई! कसलं पळतंय आता," रात्री जेवताना तो खुशीत म्हणाला. "सेटिंगच्या फाईलमध्ये लिहायचं तेवढं राहिलंय. मशीन मध्येच बंद पडलं तर मर्यादा परत जुनी, मग डेटाबेस सुरूच होणार नाही."

मागे बुकिंग बंद पडलं, तेव्हा मालकाने त्याला नोकरीवरून काढायची ताकीद दिली होती.

आता पाणी भरतानाही सारिकाच्या मनात तेच घोळत होतं. आज गुरुवार, दुरुस्तीसाठी हॉटेलसकट सगळ्या भागाची लाईट जाणार. म्हणून तर ती पिंप भरत होती.

"ऑफिसात फोन करू नकोस गं, पोरं मला बाळ म्हणून चिडवतात," असं त्याने बजावलं होतं.

इतक्यात पंखा थांबला. हॉटेलची बॅटरी थोडाच वेळ तग धरायची.

"म्हणू देत बाळ," असं पुटपुटत तिने ओले हात पुसले आणि फोन उचलला.